न विचारता नेलेले डोळे

रोह्याचा सुश्रुत घरच्या गणपतीची मूर्ती सांगायला हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यात आला, तेव्हा नूतन एका मूर्तीचे डोळे आखत होती. तो दारातच थबकला.

"हे डोळे... मी पाहिलेत."

"गिऱ्हाईकं असंच बोलतात," ती हसली.

"नाही, खरंच. माझ्या कामावर."

तो घरी बसून एका कंपनीसाठी चित्रं निवडायचा. ती चित्रं बघून यंत्र चित्र काढायला शिकायचं. गेल्या महिन्यात गणपतीचे चारशे डोळे आले होते. सगळ्यांची डावी पापणी जराशी उतरलेली.

नूतनने ब्रश खाली ठेवला. पापणी अशी आखायची रीत तिच्या वडिलांची, दिनानाथांची. नजर मंदावल्यावर त्यांनी ती नूतनच्या हाती दिली होती. गिऱ्हाइकांना दिसावेत म्हणून तिने मूर्तींचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. तिथूनच ते कोणीतरी उचलले होते.

"मग तुम्ही काय केलंत?"

"नावं दिली... शांत डोळे, हसरे डोळे." त्याची मान खाली गेली. "कुणाचे, हे मनातही आलं नाही."

ती पुन्हा मूर्तीकडे वळली. तो गेला.

पण रविवारी पुन्हा आला, लॅपटॉप घेऊन. दोघांनी मिळून जुने फोटो काढून टाकले. जे ठेवले त्यांच्यावर कारखान्याचं नाव आडवं घातलं. कंपनीला पत्र लिहिलं आणि साक्षीदार म्हणून सुश्रुतने स्वतःची सही केली.

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल."

"मग कशाला सही करताय?"

"लिहिलंय ते खरंय ना..."

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. बाहेर पाऊस संथ लागला होता. नंतरचे तीन रविवारही तो येत राहिला; त्याच्या गाडीची वेळ झाली की ती उगाच दाराशी जायची.

चतुर्थीला दहा दिवस असताना कंपनीचं उत्तर आलं. त्यांनी फोटो काढून टाकले होते. यंत्र जे शिकलं ते मात्र परत काढता येणार नव्हतं. सुश्रुतचं कामही गेलं होतं. हे सांगायला तो स्वतः आला.

कोपऱ्यात बसलेले दिनानाथ ऐकत होते. "शिकलं तर शिकलं," ते म्हणाले. "पण विचारायचं तरी होतं, बाबा. मी नाय म्हटलं असतं का व्हय म्हटलं असतं... ते माझं मला ठरवू द्यायचं होतं." आणि ते हळूहळू अंगणात गेले.

सुश्रुत तसाच उभा होता.

"नूतन, मलाही एक विचारायचंय. तुम्ही काम करता तेव्हा मी... बघत असतो. तुमच्याकडे. राग येत असेल तर येणार नाही."

"ते मला कधीच कळलंय."

"मग?"

"मग काय! चाळीस मूर्ती बाकी हायत. उद्यापासून ये."

'या' नाही, 'ये' म्हणाली... त्याने ऐकलं.

"पण मला आखता येत नाही."

"तू नुसता समोर बस. माझा हात थरथरला तर सांग."

"तुझा हात कुठे थरथरतो?"

"आत्ता थरथरतोय," ती म्हणाली, आणि रंगाने माखलेला हात तिने त्याच्या हातात दिला.