तात्यांचा अंगठा

यात माझ्या पदरचं काहीच नाही. हे माझ्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यातली नाही.

दोन वर्षांपूर्वीची भर दुपार. ग्रंथालयाचा तळमजला.

जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायचं काम मावशीच्या गळ्यात पडलं होतं. पुस्तकाची पाठ कापायची, सुटी पानं स्कॅनिंगच्या यंत्रात घालायची, यादीत 'पूर्ण' लिहायचं. उरलेला कागद पोत्यात भरून लगदा करणाऱ्या कारखान्याच्या गाडीत.

पाठ कापताना तिचा जीव तुटायचा. कारण बांधणी तात्यांची होती.

तात्या म्हणजे तिथले बाइंडर. आदल्या वर्षी गेले. दवाखान्यात मावशीचा हात धरून म्हणाले होते, "पोरी, माझं एक पानही हरवू देऊ नकोस हं."

ती हो म्हणाली होती.

पण रोज चाळीस पुस्तकं उरकायची होती. काही पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली असायची. ती सोडवायची तर तास मोडायचा. मावशीने काणाडोळा केला. तशीच आत सरकवली... आणि 'पूर्ण' लिहिलं.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. ती एकटीच कॉम्प्युटरवर फायली तपासत बसली होती.

एका पानावर अंगठा दिसला...

पान दाबून धरलेला. नख मधोमध चिरलेलं.

ते नख तिने वीस वर्षं पाहिलं होतं. शिवाय त्या यंत्रात बोट जायला फटच नाही.

तिने पोत्यातून ते पान शोधून काढलं. पुढच्या पानाला चिकटलेलं होतं.

तेवढ्यात मागच्या, कुलूप लावलेल्या बाइंडिंगच्या खोलीतून आवाज आला...

सर्र.

पान उलटल्याचा.

पुन्हा... सर्र.

"तात्या, चुकले हो मी!" मावशी रडायलाच लागली. "सोडवते, सगळी सोडवते."

आवाज थांबला.

मग तिने एकेक फाइल धुंडाळली. अंगठा दिसेल ते पान वाफेवर धरून सोडवायचं, पुन्हा यंत्रात घालायचं. की अंगठा नाहीसा. अशी आठवड्याभरात अकरा पुस्तकं झाली.

बाराव्याची पानं आणायला गेली... तर पोतं जागेवर नव्हतं.

गाडी सकाळीच येऊन गेली होती. त्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मावशी आता निवृत्त झालीय. त्या बाराव्या पुस्तकाची फाइल मात्र अजून ग्रंथालयाच्या वेबसाइटवर आहे, कुणालाही घरबसल्या उघडता येते. गेल्या महिन्यात मी उघडली. अंगठा होता.

काल पुन्हा उघडली...

अंगठा नव्हता.

मला हायसं वाटलं. लगेच मावशीला फोन लावला. "मावशी, सुटलीस बघ! तात्या गेले."



"गेले नाहीत रे," ती हळूच म्हणाली. "परवापासून इथंच आहेत."

आणि तिच्या मागून मला स्पष्ट ऐकू आलं...

सर्र.

मावशीने घरातली सगळी पुस्तकं केव्हाच वाटून टाकली आहेत.