काळ्या रानातलं गाठोडं

केस बांध आधी, तालीया. नाहीतर ऐकायला बसू नकोस. रात्री केस मोकळे सोडून बसलं की काय मागे लागतं ते तुझ्या आजीला विचार. हं, आता कसं! आणि तू रे, पाय चटईवर घे. कोको पिऊन झाला असेल तर कप खाली ठेव, उगाच चाळे नकोत.

ही गोष्ट कुठली ऐकीव नाही. माझ्या भावाची मुलगी लोसा, सोनोग्राफी करायची ती, तिच्या बाबतीत घडलेली आहे. शेवटाला तर मी स्वतः हजर होतो. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं, नंतर मी ऐकून घेणार नाही.

गेल्या ऑक्टोबरातला शनिवार. पांढऱ्या रविवारची आदली रात्र. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सगळा मान पोरांचा, म्हणून घरोघरी तुमचे पांढरे कपडे इस्त्री करून टांगलेले. लोसा मोठ्या हॉस्पिटलातून सोनोग्राफीचं लहान यंत्र घेऊन गावात आली होती. महिला कमिटीच्या घरात चटया टाकून दिवसभर तिनं पोटुशा बायका तपासल्या. बाळाचं डोकं कुठे, ठोके कसे, आणि वार कुठे चिकटलीय. वार वरच्या अंगाला असली की चिंता नाही. पण खाली, गर्भाशयाच्या तोंडावरच बसली तर बाळाची वाट बंद. कळा सुरू झाल्या की रक्त थांबत नाही, आई जाते आणि बाळही जातं. हे लोसानंच मला समजावलं होतं, मी कसला डॉक्टर!

सगळ्यात शेवटी आली वाइओला. आपल्या मलाकीची बायको, नववा लागलेला. तिचा पहिला मुलगा तीन वर्षांपूर्वी जन्मतानाच गेला. त्यांच्या अंगणातली ती पांढऱ्या सिमेंटची छोटी कबर त्याचीच. वाइओलानं लोसाचा हात घट्ट धरला. म्हणाली, "ताई, हे तरी माझ्याजवळ राहील ना गं?"

लोसाला उशीर होत होता. कमिटीच्या बायका जेव जेव करून तिचा जीव खात होत्या. ठोके उत्तम होते. वार काही नीट दिसेना, बाळाचं डोकं मध्ये येत होतं. वरच असणार, असं तिनं धरलं. "राहील गं. काळजी सोड. इथल्या दवाखान्यातच बाळंत हो," म्हणाली आणि यंत्र बंद करून पिशवीत घातलं.

तिला परत सोडायला पिकअप घेऊन निघाला मलाकी. मागच्या सीटवर यंत्राची पिशवी, पायाशी भाजलेल्या अळकुड्यांची टोपली. लोसा म्हणाली, "एवढी अळकुडी कोण खाणार, दादा? हॉस्पिटलात काय दुकान मांडू?"

"मांड की! तुझ्या त्या डॉक्टरांना सांग, पोटात काहीतरी घाला म्हणावं, नुसती दुसऱ्यांची पोटं काय बघता!" मलाकी हसला. खूश होता तो. बाळ छान आहे हे ऐकलं होतं ना. भसाड्या आवाजात गातही होता.

मग काळं रान लागलं. थिजलेल्या लाव्ह्याचं. तुम्ही दिवसा सायकली पिटाळता तिथून. रात्री तिथे दिवा नाही, झाड नाही, घर नाही. मलाकीचं गाणं थांबलं.

"काय झालं दादा?"

"काही नाही. डावीकडे बघू नको."

"का?"

"नको म्हणतो ना!"

आणि गाडी बंद पडली.

एकदम. धक्का नाही, आवाज नाही. दिवेही गेले. मलाकीनं किल्ली फिरवली. परत फिरवली. काही नाही. नुसता वारा.

मग मागून आवाज आला… धबधबधबधब… बारीक, भराभर.

लोसाला तो आवाज ओळखायला वेळ लागतो का? दिवसभर तेच ऐकत होती. पोटातल्या बाळाचे ठोके. बंद पिशवीतून येत होते.

तिनं मागे वळून चेन उघडली. पडदा पेटलेला होता. यंत्र कुणाच्याही पोटाला लावलेलं नव्हतं… आणि पडद्यावर गर्भाशय. बाळाचं डोकं. त्याच्याखाली जाडजूड वार, तोंडावर पसरलेली. पूर्ण.

"हे कुणाचं?" ती पुटपुटली. मग तिच्या लक्षात आलं. मघाशी मध्ये येत होतं तेच डोकं; हे वाइओलाचंच होतं. फक्त वरून पाहिलेलं नव्हतं. खालून. आतून. जिथून बाहेर यायची वाट असते, तिथून.

मलाकी रडत होता. एवढा दांडगा गडी, स्टिअरिंगवर डोकं ठेवून.

"इथेच," तो म्हणाला. "इथेच टाकली मी… त्याची वार. हॉस्पिटलातून मी एकटाच परत येत होतो. रात्र होती. रक्ताच्या वासाला रानातली भुतं येतात म्हणतात… मागे कुणीतरी चालतंय असं वाटलं. भ्यालो गं, ताई. निळ्या लुंगीतलं गाठोडं खिडकीतून फेकलं आणि पळालो. वाइओलाला सांगितलं, नीरफणसाखाली पुरली. ती रोज तिथे फुलं वाहते. तीन वर्षं वाहतेय!"

आपली वार आपल्या जमिनीत नसली की माणसाला घर सापडत नाही, हे लोसालाही लहानपणापासून ठाऊक होतं.

टक्.

डावीकडच्या काचेवर. खालच्या बाजूला.

टक्… टक्.

तिनं बघितलं.

पांढरा सदरा. पांढरी लुंगी. तीन वर्षांचं पोर असतं ना, तेवढं. तोंड दिसलं नाही. पाठ फिरवून ते चालायला लागलं होतं. आपल्या गावाकडे.

"गाडी वळव," लोसा म्हणाली.

"ताई…"

"वळव, दादा! कळा सुरू झाल्या तर वाइओला मरेल!"

मलाकीनं किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. वळवली, दिवे रस्त्यावर पडले. रस्ता रिकामा.

घरी येऊन लोसानं वाइओलाला झोपेतून उठवलं आणि पुन्हा तपासलं. घाई न करता, खालून. तेच चित्र निघालं. रात्रीच तिला गाडीत घातलं, त्याच रानातून नेलं. हॉस्पिटलाच्या दारात रक्त सुरू झालं. दारात! घरी असती तर? नावच नको. पोट कापून मुलगी काढली. दोघी वाचल्या. मुलगी कसली, भवानी आहे नुसती, परवा माझा चष्मा फेकला तिनं.

आता माझं ऐका.

वाइओला घरी आली त्या दिवशी मलाकी मुलीची वार घेऊन आला. या वेळी गाठोडं मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं. गाडी मी चालवत होतो. वाइओला दारातून म्हणाली, "काका, पहिल्याच्या शेजारीच पुरा. दोघं भावंडं जवळ राहतील."

मलाकीनं मान खाली घातली. झाडाशी गेल्यावर माझ्या कानात म्हणाला, "काका, इथे काहीच नाहीये. तिला कळू देऊ नका."

पहार माझ्या हातात होती. उन्हं कलली होती. माती घट्ट, वर गवत जसंच्या तसं, मुळं विणल्यागत गुंतलेली. कुणी तिथे वर्षानुवर्षं खणलेलं नव्हतं, माझी हयात गेलीय जमिनीत, मला कळतं. कोपरभर खाली गेलो असेन…

पहारीला काहीतरी मऊ लागलं.

हातानं माती सारली. निळी लुंगी. तिच्यावर पांढरी चाफ्याची फुलं छापलेली. वर गाठ… जाळ्याला मारतात ती, मलाकीच्या हातची.

मलाकी तिथेच बसला.

कापडाला काळी बारीक खडी चिकटली होती. लाव्ह्याची. आपल्या मातीत ती कुठेच नाही.

मी गाठोडं उचललं, पोरांनो. तीन वर्षं… आणि कापड ओलं होतं.

कोमट होतं.