दोन टिंबांचा निरोप

"बघ गो, आजव दिल्यान नाय!" कुमुद परुळेकरांनी हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"काय नाय दिल्यान?" सून शर्वरीनं स्वयंपाकघरातून विचारलं. उत्तर तिला पाठ होतं.

"डिट डिट!"

कुडाळच्या त्या घरात सकाळचा चहा हल्ली याच तक्रारीबरोबर व्हायचा. कुमुदताई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, पण हौशी रेडिओचा नाद त्याच्याही आधीपासूनचा. लोक सकाळी फिरायला जातात, जपमाळ ओढतात. या मोर्सची चावी ठोकतात. टिंब म्हणजे डिट, रेघ म्हणजे डा. त्यांचा रोजचा गडी म्हणजे अचलपूरचा एकनाथ गुल्हाने, पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड करून देणारा. दोघांची भेट कधी झाली नव्हती आणि एकमेकांचा फोन नंबरही त्यांनी हट्टानं घेतला नव्हता. फोन काय, कुणीही करतं! पण त्याचा हात कुमुदताईंनी झोपेतही ओळखला असता. त्याची रेघ त्याच्या वऱ्हाडीसारखीच, शेवटाला ऐसपैस लांबलेली. गप्पा संपल्या की निरोपाचा ठरलेला आकडा, त्र्याहत्तर, आणि त्यानंतर दोन सुटी टिंबं. डिट डिट. त्यांना अर्थ असा काही नाही. जाणाऱ्यानं दारातून एकदा मागे वळून बघावं, तेवढंच ते. एकानं दिली की दुसऱ्यानं परत द्यायची, अशी या छंदातली जुनी रीत होती.

ती रीत गुल्हान्यानं मोडली होती. त्र्याहत्तर झालं की चिडीचूप.

"रुसले आसतले. विचारा की त्येंका," शर्वरी म्हणाली.

"मी कित्याक विचारू? माझा काय आडलाहा?"

अडलं होतं, आणि चांगलंच अडलं होतं. दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागत नसे. मात्र हे कबूल करण्यापेक्षा त्या उपाशी राहिल्या असत्या.

त्यात तो नवा संच. गणपतीत शर्वरीनं आणून दिला, आणि आणण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. छपरा-छपरावर सौर पॅनेल आली, अंगणा-अंगणात गाड्यांचे चार्जर आले, आणि त्या साऱ्यांनी मिळून जुन्या रेडिओत अशी चरचर मांडली की अचलपूर सोडाच, सावंतवाडीचा माणूसही त्यात बुडून जाई. नव्या संचात 'शुद्धिका' होती, हल्ली सगळ्याच हौशींकडे, गुल्हान्याकडेही, आलेली. ती चरचरीतून संदेश निवडून काढी, तुटलेल्या जागा अंदाजानं भरी आणि प्रत्येक टिंब, प्रत्येक रेघ मापात बसवून कानात सोडी. सगळं कसं साच्यातल्या मोदकासारखं सुबक.

"सगळे मेले एकाच मास्तराकडे शिकल्यासारखे वाजतत," कुमुदताई करवादत. पण ऐकू तर येत होतं. मग यंत्रावर चिडून करणार काय? चिडायला गुल्हाने होताच.

एका सकाळी उपकेंद्रात काहीतरी जळलं आणि अख्ख्या तालुक्याची वीज गेली. लाइनवर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून अशा वेळी छपरांवरचे सौर इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतात. मिक्सरमध्ये अर्धवट वाटलेलं खोबरं बघत शर्वरी विजेच्या नावानं बोटं मोडत होती. कुमुदताईंनी मात्र कपाटातला जुना संच काढून बॅटरीला जोडला. नवाही त्यावर चालला असता, पण ही संधी त्या सोडणार नव्हत्या. बँडवर, म्हणजे हौशींच्या ठरलेल्या लहरींवर, कधी नव्हे ती शांतता होती. त्या शांततेत कुणीतरी ठोकत होतं.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. कोण हा शिकाऊ? रेघ मध्येच तुटतेय, एका टिंबाची तीन होतायत. चावी हातात धरायची अक्कल नाही आणि आले बँडवर! मग संकेतनाव आलं. गुल्हान्याचंच होतं.

त्यांनी चावी ओढली. मराठीतच विचारलं, भाऊ, हाताला काय झालं?

मग एकेक अक्षर धडपडत येऊ लागलं. "आता विचारता? कंपवात हाय म्हने. दसऱ्याच्या टायमाले सांगतलं व्हतं ना तुमाले. हँड बॅड."

कुमुदताईंना तो दिवस आठवला. त्या दिवशी त्यांनी ऐकलं होतं, 'बँड बॅड'. हवा खराब असली की हौशी मंडळी रोज हेच रडगाणं गातात. इंग्रजी एच म्हणजे चार टिंबं. बी म्हणजे एक रेघ, तीन टिंबं. थरथरत्या हाताचं पहिलं टिंब जरा लांबलं असेल, आणि 'हँड बॅड' तर कुणीच कधी म्हणत नाही. शुद्धिकेनं ध चा मा केला होता. आणि त्यांनी उलट ठोकलं होतं...

"तुमी म्हन्लं, सगळ्याइचंच तसं हाय, सवय करून घ्या," गुल्हाने ठोकत होता. "मंग मी काऊन बोलू? डिट डिट बी सोडलं तुमी."

"मी रोज देते! तुम्ही सोडलंत!"

"म्या? मी तं रोज देऊन राह्यलो."

अर्थ नसलेली दोन टिंबं. दोन्हीकडच्या शुद्धिकांनी ती कचरा म्हणून झाडून टाकली होती. कुमुदताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त संताप. कुणी सांगितलं होतं साफ करायला?

"ताई, आज शेवटचंच म्हनून बसलो," गुल्हान्याची टिंबं आली. "चावी ठेवून देतो आता. लोकाइले तरास."

"ठेवायची नाही," त्यांनी घाईघाईनं ठोकलं. "हात कसाही असू दे, मी ऐकते. उद्या बसणार का, सांगा."

उत्तर सुरू झालं. एक रेघ, तुटकी. मग एक टिंब, की तीन? 'नाही'चा एन, की 'बसणार'चा बी? आणि वीज आली. मिक्सर एकदम गरगरला, गावभरचे चार्जर जागे झाले, आणि गुल्हाने चरचरीत बुडाला.

शर्वरी धावत आली. तिनं झटकन नवा संच लावून आवाज मोठा केला.

खोलीत मोर्स घुमू लागला. टिंबं गोल, रेघा मापात, तिशीतल्या धडधाकट माणसाचा हात असावा तसा. बसणार. उद्या भेटू. त्र्याहत्तर.

"बसतले म्हणतत!" मोर्स थोडंफार समजू लागलेली शर्वरी हसली.

कुमुदताई हसल्या नाहीत. त्यांनी त्र्याहत्तर ठोकलं, पुढं दोन टिंबं ठोकली, आणि उत्तराची वाट पाहत राहिल्या. ते येणार नाही हे त्यांना माहीत होतं.

"बंद कर गो ती शुद्धिका."

"बंद केलंय तर कायच आयकाक येवचा नाय, आई."

"मग माका इतक्याच सांग," कुमुदताई म्हणाल्या. त्यांचा हात अजून चावीवरच होता. "उद्या बसतलंय म्हणान कोणी सांगल्यान? गुल्हान्यान, काय ह्या मशीनान?"