गुलाबी मुठीचं पिस्तूल

"हात पुढे करा," तो मान वर न करता म्हणाला.

तिने केला. का केला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत न उघडलेलं खोकं, तोंडात घरापासून घोकत आणलेलं एकच वाक्य — आणि समोर टेबलावर ओणवा झालेला हा माणूस. शर्टाच्या खिशात कानस, कोपरापर्यंत लाकडाचा भुसा. त्याने तिचा उजवा हात कोऱ्या कागदावर पालथा ठेवला आणि कडेकडेने पेन्सिलीची रेघ ओढायला सुरुवात केली. करंगळी, तिच्या शेजारचं बोट… पेन्सिल मधल्या बोटाच्या बेचक्यात शिरली तशा तिला गुदगुल्या झाल्या.

"हलू नका. इथे केसभर चुकलं की मूठ चुकते. आणि मूठ चुकली की लोक पिस्तुलाला नावं ठेवतात."

"पण मी—"

"दहा वाजता येणार होत्या त्या तुम्हीच ना? ग्रंथपालबाई?"

"नाही. मी दात करते."

आता त्याने मान वर केली. "दंतवैद्य?"

"दंतवैद्य तोंडात हात घालतात. मी लॅबमध्ये बसून कवळ्या बनवते." मग घोकलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं. "पाचवं पिस्तूल माझ्या बाबांनी मागवलं होतं. ते परत करायला आलेय मी."

पेन्सिल अंगठ्यापाशी थांबली. तिचा हात अजून कागदावरच होता. तो उचलायचं दोघांनाही सुचलं नाही.

"कळलं होतं मला," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन महिने झाले ना?"

"अकरा आठवडे."

नेमबाजीच्या त्या हॉलला सगळे नुसतं 'रेंज' म्हणत. एका टोकाला माणसं, दहा मीटरवर कागदी लक्ष्यं, वर उंच खिडक्या. बाजूच्या खोलीत हा बसायचा — मुठी घासून देणारा, पिस्तुलं दुरुस्त करणारा. त्याचं खरं नाव फक्त पावतीवर. तोंडावर सगळे त्याला 'कानस' म्हणत आणि तोही त्याच नावाला ओ देई. स्पर्धेसाठीचं हवेवर चालणारं हे नवं पिस्तूल त्या वर्षी पहिल्यांदाच बाजारात आलं होतं. इथल्या पाच जणांनी ते मागवलं होतं, आणि कंपनीने प्रत्येक खोक्यात एक छापील कागद घातला होता: मालकाचा पहिल्या महिन्याचा अभिप्राय.

"पाच पिस्तुलं, पाच कागद," तो म्हणाला. "चारच पाठवले तर कंपनी विचारणार, पाचव्याचं काय झालं?"

"पाचवा वारला, असं लिहा."

त्याने खरोखरच तो कागद वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "तसा रकाना नाहीये."

तिला हसू आलं. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. इतकं अचानक, की तिने ते हाताने झाकलं.

"महिनाभर तुम्हीच चालवा की," तो म्हणाला. "बाबांनी शिकवलं असेलच थोडंफार."

"शाळेत असताना. मग अभ्यास आला, मग नोकरी…"

"मग झालं तर. चार शनिवार. पिस्तुलाच्या यादीतला सहावा माणूस वाट बघतोच आहे, नंतर त्याला देऊन टाका." त्याने खण उघडून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिच्यासमोर ठेवलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ होती ती. "त्यांच्या मापाची. करून ठेवली होती."

खोकं घरी परत आलेलं पाहून आई म्हणाली, "अगं, देऊन येणार होतीस ना?"

"महिनाभराने देणार आहे."

"मग तुझ्या कपाटात ठेव बाई. समोर दिसलं की वाटतं, आत्ता आतून येतील आणि विचारतील, माझं पार्सल आलं का म्हणून."

पहिल्या शनिवारी ती पोचली तेव्हा बाकी मालकांची बाकावर जुंपली होती.

"चाप फार हळवा आहे," निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नुसते डोळे वटारले तरी सुटतो."

"हळवा? मला तर हट्टी वाटतो," शिंपीकाका म्हणाले. "आणि वजन सगळं नाकावर. माझं जुनं कसं, कात्रीसारखं हातात बसायचं."

"सवत आणल्यासारखं बघताय तुम्ही नव्याकडे."

"आणि तुमचे नव्याचे नऊ दिवस चाललेत!"

"ते डावीकडे मारतं," ग्रंथपालबाईंनी मध्येच निकाल दिला.

"ते बिचारं सरळच मारतं, बाई," खोलीतून कानसचा आवाज आला.

तिला राहवलं नाही. "नवी कवळी आठ दिवस सगळ्यांनाच टोचते. कोणी म्हणतं मोठी झाली, कोणी म्हणतं लहान झाली. पहिल्या तक्रारीला आम्ही कान देतो, कवळीला हात लावत नाही."

"घ्या!" मुख्याध्यापिका टाळी देत म्हणाल्या. "ही कवळी बरी बोलते की." झालं. त्या दिवसापासून ती 'कवळी'.

नेमबाजी मात्र काही बरी झाली नाही. बाबांच्या मुठीत तिचा हात असा हलत होता, जसा मोठ्या भावाच्या चपलेत लहान मुलाचा पाय. छर्रे कागदभर विखुरले — सांडलेल्या वाटाण्यांसारखे.

"मूठ थोडी घासून तुमच्या बोटांजोगी करून देऊ?" त्याने कानस बाहेर काढली. "अर्ध्या तासाचं काम."

"नको."

"कमीच घासतो. अगदी—"

"लाकूड घासलं की परत येत नाही," ती म्हणाली. "ते त्यांच्या हाताचं माप आहे."

त्याने कानस परत खिशात ठेवली. तिला ते आवडलं. त्याहून एक गोष्ट आवडली — तो 'समजू शकतो' असं म्हणाला नाही.

दुसऱ्या शनिवारी तिने पिशवीतून मूठ काढली आणि बाकावर एकच हशा पिकला. लाकडावरून हिरडीच्या रंगाचा, गुळगुळीत, गुलाबी थर चढला होता; त्यात तिच्या तीन बोटांच्या आणि अंगठ्याच्या खोबणी.

"कवळी, अगं मुठीला दात बसवायचे राहिले की!" शिंपीकाका डोळे पुसत म्हणाले.

कानस हसला नाही. त्याने मूठ उजेडात धरली, कडेवरून नख फिरवलं. "मध्ये काय आहे? चिकटला कसा नाही?"

"पातळ वर्ख घातलाय. हवा तेव्हा आख्खा थर निघेल. आतलं लाकूड जसंच्या तसं."

"बारा वर्षं मी हे काम करतोय," तो म्हणाला. "घासायचं नसेल तर हवा तेव्हा निघेल असा थर वरून चढवायचा, हे कधी डोक्यात आलं नाही."

"तुम्ही कानस ना. तुमचा स्वभावच कमी करायचा."

"आणि तुमचा?"

"माझा भरून काढायचा."

त्याने मूठ तिच्या हातात परत दिली. कान मात्र लाल झाले होते — अगदी मुठीच्याच रंगाचे, असं तिला वाटलं, पण ती बोलली नाही.

तिला नेम शिकवताना तो एक पाऊल मागे, डाव्या बाजूला उभा राहायचा. हात कधी लावायचा नाही. "नेम डळमळला तर गोळी सोडायची नाही. हात खाली, पुन्हा श्वास. त्यात लाज नाही… आणि सुटली की लगेच हात आणायचा नाही खाली. नजर तिथेच. दोन आकडे मोजायचे."

"सुटली ती गेली. मग थांबून काय फरक पडतो?"

"सुटल्यावर जो हलतो ना, तो सुटायच्या आधीच हललेला असतो."

हे वाक्य तिने आठवडाभर लॅबमध्ये मेण वितळवता वितळवता चघळलं. आणखीही एक गोष्ट चघळली. त्या दिवशी तो दोनदा म्हणाला होता, "एक सांगायचं होतं…" आणि दोनदा गप्प झाला होता. तिसऱ्या शनिवारी ती निळा कुर्ता घालून गेली. का, ते आईने विचारलं नाही, नुसतं बघितलं.

"एक सांगायचं होतं," मालक मंडळी पांगल्यावर तो म्हणाला.

"तिसरी वेळ." ती हसली. "तुमचा नेम फारच डळमळतो बुवा."

"तुमच्या बाबांबद्दल."

तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्याचं काय करावं, तिला कळेना.

"वर्षभरात त्यांची जुनी मूठ मी तीनदा भरून दिली," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "लाकूड तेवढंच, आत हात सैल. दर वेळी आणखी सैल. हात वाळत चालला होता. मला कळत होतं… ते म्हणाले, वय झालं रे, घरी काही बोलू नकोस. मी नाही बोललो. ही नवी मूठसुद्धा मुकाट्याने त्या वाळलेल्या हाताच्या मापाने केली. तुमच्या दारावर येऊन एकदा सांगितलं असतं, तर कदाचित… लवकर कळलं असतं."

खिडकीवर पावसाची भुरभुर चालू होती. तिने पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली. पिस्तूल टेबलावरच राहिलं.

चार दिवस तिने त्याला मनातल्या मनात पुष्कळ सुनावलं. पाचव्या दिवशी लॅबमध्ये एका आजोबांची कवळी आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: सैल होतेय, आतून भरून द्या. शिकाऊ मुलीने विचारलं, "मागच्याच वर्षी केली होती ना, ताई? मग सैल कशी झाली?"

"माणूस वाळला की आधी जबडा वाळतो," ती सवयीने म्हणाली. "कवळी तेवढीच राहते."

बोलली, आणि हातातला चिमटा तिने अलगद खाली ठेवला. मग उठून जुन्या कार्डांचा खण उघडला.

चौथ्या शनिवारी ती आली तेव्हा तो खोलीत एकटाच होता. पिस्तूल पुसून खोक्यात ठेवलेलं, खोक्यावर सहाव्या माणसाचा फोन नंबर. तो उठून उभा राहिला. ती पुढे झाली आणि लॅबमधलं कवळीचं एक कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. अक्षर तिचंच. वर बाबांचं नाव, खाली दोन तारखा, पाच महिन्यांच्या अंतराने. *सैल. आतून भरली. — सैल. पुन्हा भरली.*

त्याने ते दोनदा वाचलं.

"ते मला म्हणाले, तुझ्या लॅबचं काम कच्चं दिसतंय," ती म्हणाली. "मला राग आला. माझं काम आणि कच्चं? अशी भरली, अशी भरली, की जागची हलेना. त्यांच्या तोंडात बघितलं मी. त्यांच्याकडे नाही बघितलं."

"तुम्ही कशाला—"

"थांबा. चार दिवस तुम्हाला शिव्या घातल्यात, आता बोलू द्या. तुम्ही तीनदा भरलंत, मी दोनदा. दोघांनीही इतकं नीट भरलं की कोणाला पोकळी दिसलीच नाही. आणि त्यांना तेच हवं होतं. दोघांना कामाला लावलं, दोघांना गप्प बसवलं."

"हुशार होते."

"लबाड होते," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. त्यातच थोडं हसूही आलं. त्याने रुमाल पुढे केला. रुमालात भुसा होता, तिला शिंक आली, आणि त्या शिंकेने दोघांचीही सुटका केली.

त्या दिवशी तिने गुलाबी मूठ धरून दहा छर्रे सोडले. दर वेळी सुटल्यावर दोन आकडे मोजले. आठ छर्रे एकाच नाण्याखाली झाकता येतील इतके जवळ पडले. तो मागे, डावीकडे उभा होता आणि बहुधा श्वास घेत नव्हता.

मग ती अभिप्रायाचा कागद घेऊन बसली. चाप: हळवा नाही, हट्टीही नाही, सवयीचा प्रश्न आहे. वजन: पुढे आहे, पण हात स्थिर राहतो. मूठ: दोन थरांची. शेवटचा प्रश्न होता — हे पिस्तूल आपण पुढे ठेवणार का?

"सहाव्याला आज फोन करायचाय," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

तिने लिहिलं: *एका महिन्यात सांगता येत नाही. आणखी वापरून पाहावं लागेल.* आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग खण उघडून एक कागद काढला. त्यावर पेन्सिलीने काढलेला एक हात होता. "हे… ग्रंथपालबाईंचं माप म्हणून घेतलं होतं. त्यांचं नंतर वेगळं घेतलं. हे फेकायचं राहिलं."

"महिनाभर?"

"…हो."

"अंगठा अर्धाच आहे."

"तेव्हा थांबलो होतो ना."

तिने हात रेघेवर बरोबर बेतून ठेवला. तो वाकला. पेन्सिल अंगठ्याला वळसा घालून सावकाश मनगटापर्यंत आली, आणि तिथेच थांबली.

"मला तुम्ही… तू… शनिवार नसला तरी भेटावीस असं वाटतं," तो म्हणाला, आणि चटकन कागदाकडे बघायला लागला.

"नजर," ती म्हणाली.

"काय?"

"सुटल्यावर नजर तिथेच. दोन आकडे. तूच शिकवलंस ना?"

त्याने मान वर केली. डोळे घाबरलेले होते, पण हलले नाहीत.

"एक," ती म्हणाली.

"अहो कानस!" बाहेरून मुख्याध्यापिकांचा आवाज आला. "पाचवा कागद आला का? पाकीट बंद करायचंय!"

दोघांपैकी कोणीच ओ दिली नाही. आणि 'दोन' म्हणायची तिनेही घाई केली नाही.