चौदा नंबरचा दिवा

थंडर बे गावातल्या त्या लाकडाच्या वखारीत नवे फोन बसवायचे ठरले, ते जानेवारीतल्या एका शुक्रवारी. काम काही मोठं नव्हतं. जुने बारा फोन उचलायचे, नवे बारा ठेवायचे, आतल्या खोलीतली, सगळे फोन जोडणारी जुनी पेटी बंद करायची आणि टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंना नवी बटणं समजावून द्यायची. मार्सेल नावाचा कारागीर सकाळीच खोकी घेऊन आला. बाहेर उणे बावीस होतं. आत आल्यावर बराच वेळ त्याच्या मिशांवरचा बर्फ वितळून कॉलरवर टपकत होता.

टेलिफोनवर बसणारी बाई म्हणजे हेल्वी कोस्केला. वय एकसष्ट. तेहतीस वर्षं त्याच खुर्चीत. तिच्या टेबलावरचा फोन कधीकाळी पांढरा होता, आता जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता. वीस बटणं, प्रत्येक बटणाशेजारी बारीक लाल दिवा, आणि दिव्यांच्या कडेने प्लास्टिकखाली कागदाची एक पट्टी. पट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, काउंटर, मालक, गोदाम, आणि असंच बरंच. कुणी बोलत असलं की त्याचा दिवा स्थिर जळायचा. घंटी वाजत असली की भरभर लुकलुकायचा. आणि कुणाला होल्डवर ठेवलेलं असलं की सावकाश पेटायचा, सावकाश विझायचा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

चौदाव्या बटणापुढे लिहिलं होतं, ‘राइमो, रंध्याची शेड’.

मार्सेलने फोन उचलून उजेडाकडे धरला. “हेल्वीबाई, बाकीची बटणं झिजून गुळगुळीत झालीत. आणि या होल्डच्या बटणाभोवती एवढी धूळ कशी? दाबतच नाही का हो तुम्ही?”

“ती नाही करत होल्ड,” काउंटरवरून नॉर्म म्हणाला. नॉर्म पेट्रिक तिच्याच वयाचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, आणि तोंडाला कुलूप नसलेला. “रिसीव्हर टेबलावर पालथा ठेवते. त्यामुळे मी मालकाबद्दल काय बोलतो ते सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे.”

“मालकालाही पाठ आहे,” हेल्वी म्हणाली.

मार्सेल हसला. त्याने नवा काळा फोन तिच्यासमोर ठेवला आणि एकेक बटण दाखवू लागला. हे दुसरीकडे फोन पाठवायचं. हे तिघांना एकत्र जोडायचं. हे शेवटचा नंबर पुन्हा लावायचं. “आणि हे तुमचं होल्ड. आता दिव्याकडे बघत बसायला नको. पडद्यावर माणसाचं नाव येतं, आणि तो किती वेळ थांबलाय ते तास, मिनिटं, सेकंद धरून येतं. हे बघा, एक, दोन, तीन... आकडा चढत जातो. मिनिट झालं की टुकटुक वाजतो. कितीही विसरभोळं माणूस असलं तरी विसरणार नाही.”

नॉर्म एकदम कुठल्याशा पावत्या चाळू लागला.

“जुन्यालाही वाजायची सोय होती,” हेल्वी म्हणाली. “आम्ही बंद करून घेतली होती.”

तिने एवढंच सांगितलं. जे सांगितलं नाही ते असं होतं.

त्या सोयीने सगळे वैतागले होते. उन्हाळ्याच्या तोंडावर घरं बांधणाऱ्यांची गर्दी उसळायची, चार-चार गिऱ्हाइकं होल्डवर असायची, आणि दर अर्ध्या मिनिटाला फोन कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटायचा. शेवटी हेल्वीनेच तेव्हाच्या कारागिराला वेलची घातलेला अख्खा गोड पुल्ला पाव दिला आणि ते केकाटणं काढून टाकायला लावलं. सगळ्यांनी तिला दुवा दिला. तिच्या नवऱ्यानेही. राइमो मागच्या अंगणापलीकडे रंध्याच्या शेडमध्ये काम करायचा. रोज तीनच्या ठोक्याला तो चौदा नंबरवरून घंटी द्यायचा, “कॉफी झालीये,” एवढंच म्हणायचा, आणि हेल्वी फडक्यात बांधलेला पुल्ला घेऊन बर्फ तुडवत पलीकडे जायची. पंधरा मिनिटं. घरी त्यांचं बोलणं व्हायचं ते बिलांचं आणि छपराचं. त्या पंधरा मिनिटांत मात्र ती दोघं लग्नाआधीसारखी बसायची.

अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीतच, घंटी लवकर आली. पावणेतीनला पाच मिनिटं होती. एक कंत्राटदार लांबलचक यादी सांगत होता. हेल्वीने मध्येच चौदा नंबर घेतला. राइमो म्हणाला, “हेल्वी...” आणि थांबला. ती म्हणाली, “एक मिनिट हं, थांब,” आणि होल्ड दाबला. यादी संपेपर्यंत दुसरा फोन आला, मग तिसरा. काहीच केकाटलं नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी तिचं लक्ष गेलं तेव्हा चौदाचा दिवा सावकाश पेटत होता, विझत होता. बसला असेल रिसीव्हर खांद्याला लावून, असं मनाशी म्हणत ती पुल्ला घेऊन निघाली. राइमो स्टुलावर भिंतीला टेकून बसलेला होता. रिसीव्हर मांडीवर होता. होल्डवर थांबलेल्यांना रेडिओ ऐकू येई, तसा तो रिसीव्हरमधून बारीक आवाजात ऐकू येत होता. अर्ध्या तासापूर्वी कुणी पोचलं असतं तर, असं डॉक्टर बोलू लागले होते. मग तिच्याकडे पाहून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

शेडमधला फोन पुढच्याच महिन्यात काढून टाकला. वायर भिंतीशी कापली आणि वरून रंग मारला. पण त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, पावणेतीनला पाच मिनिटं असताना, चौदाचा दिवा लागला. सावकाश पेटला, सावकाश विझला. तीन वीसपर्यंत. मंगळवारीही.

नॉर्म म्हणाला, वायरीत पाणी गेलं असेल. उन्हाळ्यात, सगळं खडखडीत कोरडं असतानाही दिवा लागत राहिला, तेव्हा नॉर्मने पाण्याचं नाव काढणं सोडलं.

हेल्वीने ते बटण कधी दाबलं नाही. उचललं आणि तिकडे कुणीच नसलं तर? आणि कुणी असलंच, तर तो पहिलं वाक्य कोणतं बोलेल? त्यापेक्षा दिवा बरा होता. दिवा लुकलुकतोय तोवर तो थांबलेला आहे; आणि थांबलेलं माणूस गेलेलं नसतं. ती तापातसुद्धा कामावर यायची. निवृत्तीचे कागद दोनदा आले, दोनदा तिने ते खणात सारले. रोज ती चाळीस मिनिटं हेल्वी त्या दिव्यासोबत काढायची, एका हाताने फोन घेत, दुसऱ्या हाताचं बोट चौदाच्या बटणाशेजारी ठेवून. बटणावर नाही. शेजारी.

आणि आज जुनी पेटी बंद व्हायची होती.

दुपारी सव्वादोनला मार्सेल हात झटकत आला. “नवे सगळे जोडून झाले. आता जुनी पेटी काढतो आणि निघतो. पश्चिमेकडून बर्फ येतोय म्हणतात.”

“तीनपर्यंत थांबता येईल?” हेल्वीने विचारलं.

“तीनला काय आहे?”

हेल्वीने जुना फोन जवळ ओढला. तेवढ्यात नॉर्मने कोट चढवला. “मार्सेल, चल, तुला मागच्या शेडमधली वायर दाखवायची आहे.”

“कसली वायर? मागे काही जोडायचं नाहीये मला.”

“म्हणून तर दाखवतो. चल रे बाबा, बर्फ काही तुझ्या एकट्यासाठी येत नाहीये.” दाराशी जाऊन नॉर्म वळला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, “पाऊण तास लावतो मी. अख्खी शेड दाखवतो त्याला.”

दार बंद झालं. मालक बाहेरगावी होते. खिडकीबाहेर आभाळ खाली उतरून आलं होतं, आणि भर दुपारी खोलीत संध्याकाळसारखा करडा उजेड साचला होता. हीटर एकदा खडखडला आणि थांबला. हेल्वी घड्याळाकडे पाहत बसली.

दोन चाळीसला दिवा लागला.

पेटला. विझला. तिने बोट उचललं, बटणावर ठेवलं आणि रिसीव्हर कानाला लावला. मग तिने दाबलं.

आधी रेडिओ. जुनं एक नाचाचं गाणं संपत होतं. मग निवेदकाचा खर्जातला आवाज, उणे सव्वीस, सरोवराकडून वारा, रात्री बर्फ. ते केंद्र बंद होऊन सात वर्षं झाली होती. आणि उणे सव्वीस... राइमो गेला त्या दिवशीचा तो आकडा हेल्वी विसरणं शक्य नव्हतं.

मग रेडिओ तुटला. त्या शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं. ताज्या रंधलेल्या देवदाराचा वास आला. रिसीव्हरच्या भोकांतूनच आल्यासारखा.

“हेल्वी.”

तिने डोळे मिटले. “राइमो...”

“किती वेळ लावलास गं.”

त्यात राग नव्हता. जेवायला उशीर झाला की तो म्हणायचा, अगदी तसंच.

“गिऱ्हाईक होतं,” ती म्हणाली. आणि अकरा वर्षं घशात अडकलेलं आपोआप बाहेर आलं. “मी विसरले, राइमो. तुला ठेवून... विसरले.”

पलीकडे स्टूल करकरलं.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मी थांबलो.”

“मी येऊ तिकडे? आत्ता येते. पुल्ला आहे पिशवीत. कॉफी... कॉफी झालीये?”

“नाही अजून.” त्याचा आवाज जरा लांब गेला, जणू त्याने मान वळवून मागे पाहिलं होतं. “आत्ता ठेवलीये.”

“मग मी...”

“एक मिनिट हं, थांब,” राइमो म्हणाला.

तिचेच शब्द. तिचाच सूर.

खट् झालं. तेहतीस वर्षांत तो आवाज तिने लाख वेळा ऐकला असेल. आपल्याच कानात मात्र पहिल्यांदा. मग रेडिओ सुरू झाला.

नॉर्म आणि मार्सेल परत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. रिसीव्हर कानाला, गाल ओले. मार्सेल काही विचारणार होता. नॉर्मने त्याच्या दंडाला धरलं.

“काढ पेटी,” हेल्वी म्हणाली. “माझं झालं.”

मार्सेल आतल्या खोलीत गेला. एक जड खटका ऐकू आला. काउंटरचा दिवा गेला, गोदामाचा गेला, मालकांचा गेला, चौदाचा गेला. रिसीव्हर मुका झाला. हेल्वीने तो हळूच जागेवर ठेवला, आजारी माणसाचं डोकं उशीवर ठेवावं तसा. मग नवा काळा फोन पुढे ओढला.

पडदा उजळला. एकाखाली एक नावं आली. मार्सेल तिच्या खांद्यावरून वाकून मोजत होता.

“बारा... आणि हा तेरावा कुठून आला? चौदा नंबर मी टाकलाच नाही.” त्याने डोळे बारीक केले. “‘चौदाने तुम्हाला होल्डवर ठेवले आहे.’ हे काय आता? थांबा, पुसून टाकतो.”

“राहू दे,” नॉर्म म्हणाला.

“अहो, बिघाड आहे हा. बघा ना, आकडा चढायला हवा. हा उतरतोय.”

नॉर्मने चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. हेल्वीने पडद्याकडे पाहिलं नाही. ती नॉर्मकडे पाहत होती. तो उरलेला वेळ वाचत होता, ओठ किंचित हलवत. मग तो सरळ झाला, चष्मा खाली घेतला, आणि भिंग स्वच्छ असूनही शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

“नॉर्म?”

“काही नाही.”

“तुला गप्प बसलेलं बघून भीती वाटते रे.”

त्याने हसण्याचा प्रयत्न केला. “आज मी सोडतो तुला घरी. गाडी राहू दे इथेच.”

“माझी गाडी चांगली चालते की.”

“राहू दे म्हणतो ना, हेल्वी. आणि... तुझ्या बहिणीला फोन करायचा म्हणत होतीस ना तू, नाताळपासून. आजच कर.”

हेल्वीने मान हलवली. तिचा चेहरा शांत झाला होता, भेटीची ठरलेली वेळ कळल्यावर होतो तसा. जुन्या फोनचं प्लास्टिक तिने नखाने उचकटलं, कागदाची पट्टी ओढून काढली आणि कात्रीने ‘राइमो, रंध्याची शेड’ एवढाच तुकडा कापला. मागे डिंक लावून तो नव्या पडद्यावर चिकटवला. नेमका तासांच्या आणि मिनिटांच्या आकड्यांवर.

मार्सेल खोकी गोळा करू लागला. गोळा करता करता थांबला आणि हवेत नाक वर करून म्हणाला, “कॉफी ठेवलीत कोणी? बरं झालं, थंडी आहे.”

कॉफीचं यंत्र कोपऱ्यात बंद पडलेलं होतं. त्याची वायरही भिंतीत नव्हती.

हेल्वीने पिशवीतून फडक्यात बांधलेला पुल्ला काढून टेबलावर ठेवला आणि पलीकडे न्यायच्या वेळी करायची तशी फडक्याची गाठ आणखी घट्ट केली. पडद्यावर, कागदाच्या पट्टीच्या कडेला, आता फक्त सेकंदांचे दोन आकडे दिसत होते. ते उतरत होते.