आवाजाची राखण

बस अशी, कूलरसमोर. सांगते, पण मधी बोलू नको.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपार होती. आठ दिवसांनी आलेलं नळाचं पाणी भरून झालं होतं आणि मुकुंदवाडीच्या आमच्या घरात मी गवार मोडत बसले होते. मांडीशेजारी मोबाइल. नात विशाखा वाळूजला शिफ्टला गेलेली. तिच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करून घेतात. म्हणजे ती येईपर्यंत ‘आयाबाया’ माझ्या एकटीच्या हवाली.

‘आयाबाया’ म्हणजे आमची साइट. बांधली विशाखानं, राखते मी. गावोगावच्या सहाशे बाया तिथं भीमाच्या ओव्या म्हणून ठेवतात. आधी नुसतं नाव लिहून कुणीही आत शिरायचं. दोन वेळा कुणीतरी घुसून ओव्यांच्या शेजारी घाणेरडी चित्रं चिकटवली. नवऱ्यांनी बायांचे फोन हिसकावले. पन्नासेक गेल्या त्या परतल्याच नाहीत. विशाखा रडकुंडीला आली.

“आजी, तिसऱ्यांदा झालं तर साइट बंदच करावी लागंल.”

मी म्हटलं, “दार मला दे.”

मला अक्षर येत नाही, पण कान आहेत. तेव्हापासून नव्या बाईनं आपल्या आवाजात नाव, गाव, आईचं गाव सांगायचं आणि एक ओवी म्हणायची. मी ऐकते. खरी असली तर हिरवं बटण, खोटी असली तर लाल.

त्या दुपारी दीडच्या सुमाराला टुंग वाजलं. कन्नडकडची बाई. आवाज गोड, ओवी चोख. बोट हिरव्याकडं गेलं आणि थांबलं. ही श्वास कुठं घेते? दोन्ही ओळी एका सुरात, मधी दमच नाही. जात्यावर बसलेल्या बाईला दम लागतोच. लाल.

टुंग. दुसरी आली. तिलाही श्वास नाही. तिसरी. दहावी. नाव वेगळं, गाव वेगळं, आवाज वेगळा... जणू एकच बाई लुगडी बदलून येत होती, आणि लुगड्याच्या आत कुणीच नव्हतं.

लाइट गेली. कूलर थांबला. खोलीत नुसतं उकडत होतं, आणि ते आवाज, एकामागं एक. बोट घामानं घसरायला लागलं. एक चुकलं असतं तरी सगळं गेलं असतं. मी लाल दाबत राहिले.

मग एक खोकला ऐकू आला. त्याच्या मागं जात्याची घरघर.

“मी मनकर्णा... चितेगावची.”

मनकर्णा माझी धाकटी जाऊ. एका जात्याला बसायचो आम्ही. ती जाऊन एकतीस वर्षं झाली. आमच्या वस्तीत तेव्हा साधा टेपही नव्हता. तिचा आवाज कुठंच भरून ठेवलेला नाही. तिनं जुळवलेल्या ओवीची पहिली ओळ तेवढी माझ्याकडं उरली होती. दुसरी मी विसरले होते आणि दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती.

*भीम माझा बाप, मी गं लेक लाडाची,*
*वाचीन एक दिस पाटी येष्टी गाडीची.*

दुसरी ओळ! मधी श्वास घेऊन, तिच्याच ठेक्यात. खोलीत ताज्या पिठाचा वास सुटला.

बोलायचं बटण दाबून मी म्हटलं, “मनकर्णे... जित्ती हायेस का गं तू?”

मग टुंग.

“नाय, अक्का.”

“मग... आत घेऊ?”

बोट हिरव्यावरच होतं. इतक्या वर्षांनी दारात आलेली जाऊ, कुणाच्यानं हाकलवेल?

“येडी हायेस का?” तशीच फटकळ. “मला घेशील, तर माझा पदर धरून मागचे समदे घुसतील... लाल दाब. मी हितंच बसते. दारात.”

मी रडले, पण लाल दाबलं.

त्यानंतर टुंग वाजलं नाही. संध्याकाळी विशाखानं पाहिलं आणि मला उचलूनच घेतलं. “आजी, दोनशे अकरा खोटे आवाज! सगळे यंत्रानं बनवलेले. एकही आत नाही! आमचे इंजिनिअर पाणी भरतील तुझ्यापुढं.”

“आणि मनकर्णाचा?”

तिनं दोनदा शोधलं. “त्या नावाचं काहीच आलेलं नाही, आजी.”

या गोष्टीला वर्ष झालं. माझ्यापर्यंत एकही खोटा आवाज पोचलेला नाही. बाया नऊशे झाल्या. गेल्या आठवड्यात फर्दापूरची करुणा आली. खणखणीत आवाज, लगेच हिरवं दाबलं. काल तिनं मुद्दाम फोन केला.

“जय भीम, आजी. लई कडक बंदोबस्त हाय तुमचा! आधी त्या खोकणाऱ्या आजी विचारतात, मग तुम्ही ऐकता.”

छाती भरून आली माझी. म्हटलं, “व्हय. माझी जाऊ हाय ती.”

करुणा हळूच म्हणाली, “त्यांच्या मागं एवढ्या बायांचे आवाज कसले हो? मी नाव सांगितलं, तर एकीनं ते दुसरीला सांगितलं. दुसरीनं तिसरीला... लांब लांब जात राहिलं माझं नाव.”

“मग?”

“अजून जातंय, आजी. आत्ता तुमच्याशी बोलतेय ना... तरी ऐकू येतंय.”