व्हायोला कोण वाजवणार?

“हो, बाबा,” एवढंच ती पोर म्हणाली, आणि मांडीवरचं व्हायोलिन तिने पेटीत ठेवून दिलं. न रडता, न रुसता, अगदी शहाण्यासारखं... पण समोरच्या खुर्चीत चेलो गुडघ्यांशी धरून बसलेल्या तिच्या आत्याच्या काळजात मात्र चर्र झालं!

झालं होतं इतकंच. आत्याचे वडील गेल्यापासून दरवर्षी त्यांच्या आठवणीसाठी या घरातली माणसं एक कार्यक्रम करायची. मुख्य व्हायोलिनवर धाकटा भाऊ, दुसऱ्या व्हायोलिनवर त्याची चौदा वर्षांची लेक, चेलोवर थोरली बहीण, जिला सारं गाव ताईच म्हणे, आणि व्हायोलावर बाहेरचे एक गृहस्थ. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोराड बहीण. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, पण ती नसली की सगळं पोकळ वाटतं. तर हे गृहस्थ दुसरीकडे नोकरी लागली म्हणून कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी निघून गेले. भावाने क्षणभरही विचार केला नाही. लेकीला म्हणाला, तू व्हायोला घे, तुझ्या जागी आई बसेल. भावजयीला घरापुरतं व्हायोलिन येत होतं, ताईनेच शिकवलं होतं. मिटला की प्रश्न! मिटणारच. घरात एखादं समजूतदार माणूस असलं की सगळ्यांचे प्रश्न त्याच्याच डोक्यावर मिटतात.

बेचाळीस वर्षांपूर्वी, याच खोलीत, सोळा वर्षांची ताई अशीच “हो, बाबा” म्हणाली होती. तेव्हाही व्हायोलावालाच सोडून गेला होता. वडिलांच्या वाद्यवृंदात ती व्हायोलिन वाजवायची, आणि असं वाजवायची की वडील स्वतःचा गज खाली ठेवून ऐकत बसायचे. धाकटा बारा वर्षांचा. त्याला व्हायोलिनशिवाय दुसरं काही नको होतं आणि त्याने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. वडील म्हणाले, तो लहान आहे, तू शहाणी आहेस. तिचं व्हायोलिन धाकट्याकडे गेलं आणि तिच्या हातात व्हायोला आला... त्या दिवसापासून तिच्या शहाणपणाला काही सुटीच मिळाली नाही.

पुढे चेलोवाला भांडून गेला, ताई चेलोवर बसली. नाटक मंडळीला गिटार हवी होती, ताई गिटार शिकली. शाळेला मँडोलिन शिकवायला कुणी मिळेना, तेव्हा मुलांच्या पुढे जेमतेम दोन धडे राहून ताईने मँडोलिनही शिकवलं, आणि मुलांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही! भाऊ मोठ्या गुरूंकडे शिकायला दूर गेला, तेव्हा घर तिच्याच शिकवण्यांवर चाललं. लोक कौतुकाने तिला अष्टपैलू म्हणायचे. ती हसायची. अहो, अष्टपैलू कसली? जिथे भोक पडेल तिथे लावायचं ठिगळ होती ती! पण हे ती स्वतःशीसुद्धा कधी बोलली नव्हती. फक्त शाळेत मुलांची व्हायोलिनं जुळवून देताना दोन-चार सूर जास्तच वाजवायची, आणि कुणी दारात आलं की घाईने वाद्य परत द्यायची.

आणि आज भाची पेटीचा खटका लावत होती.

“नाही,” ताई म्हणाली. “ती व्हायोलिनच वाजवेल.”

भावजयीने चमकून वर पाहिलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने ताईंच्या तोंडून हा शब्द ऐकलाच नव्हता. भावाला वाटलं थट्टा चालली आहे. तो हसत म्हणाला की मग चेलो सोड आणि तूच बस व्हायोलावर, तुला काय, सगळं डाव्या हाताचा मळ आहे.

“मी नाही. तू बस, बंड्या.”

नावाजलेल्या माणसाला बंड्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. तो जरा चिडलाच. इतकी वर्षं मुख्य व्हायोलिन वाजवणाऱ्याने मधल्या खुर्चीत बसायचं? पण लेकीसमोर माघार कशी घ्यायची! त्याने व्हायोला उचलला, कागद पुढे ओढला आणि सुरुवात केली.

तिसऱ्याच ओळीत घोडं अडलं. व्हायोलाची स्वरलिपी वेगळ्या खुणेने लिहितात. रेघा त्याच पाच, पण प्रत्येक सूर भलत्याच रेघेवर बसलेला. डोळे एक सांगत होते, बोटं दुसरीकडे धावत होती. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकला. चौथ्यांदा चुकला तेव्हा कपाळावर घाम आला होता आणि भावजय खिडकीबाहेर पाहत होती.

त्याने गज खाली ठेवला.

“ताई, तुला हे यायला किती दिवस लागले होते?”

“चार. बाबांनी चारच दिले होते.”

“आणि तुला हवं होतं का हे?”

बेचाळीस वर्षं... बेचाळीस वर्षं ज्या एका प्रश्नासाठी तिचा जीव तीळतीळ तुटला होता, तो आज असा, दुपारच्या चहाच्या वेळी, साध्या आवाजात तिच्यासमोर आला होता!

“नव्हतं रे,” ती म्हणाली. “कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

भावाने आपलं व्हायोलिन दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. ताईने ते हनुवटीखाली घेतलं, डोळे मिटले आणि सोळाव्या वर्षी जे वाजवायची तेच वाजवायला गेली. पण चेलोच्या जाड तारा दाबून दाबून बोटांची पेरं सुजली होती. वरच्या सुरांपाशी ती पोचेनात. सूर उतरले, घसरले, तुटले. खोलीतले सगळे कान शिकलेले होते. खोटं कौतुक कुणी केलं नाही.

“गेलं रे ते,” ताई हलकेच म्हणाली आणि व्हायोलिन त्याच्या मांडीवर ठेवलं. “हिचं जाऊ देऊ नकोस, एवढंच.”

चोपन्न वर्षांचा तो माणूस बहिणीच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. ताई त्याच्या विरळ केसांतून हात फिरवत राहिली. तिला त्याचा राग यायला हवा होता, आणि आज तोही येत नव्हता.

आठ दिवस भावाने जेवणाच्या टेबलावरसुद्धा व्हायोलाचे कागद सोडले नाहीत. ताई शेजारी बसून त्याला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखं बोट ठेवून शिकवत होती, आणि चुकला की टोकतही होती.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. मुख्य व्हायोलिनच्या खुर्चीत चौदा वर्षांची पोर आणि दुसऱ्या व्हायोलिनवर तिची आई बसलेली पाहून लोक कुजबुजू लागले. आजारी आहेत का ते? हाताला काही झालं का? तेव्हा भाऊ व्हायोला घेऊन मधल्या खुर्चीतून उठला.

“माझी ताई मुळात व्हायोलिन वाजवायची,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा खूप चांगलं. ते मी घेतलं. ते परत देता येत नाही, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.”

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच समजेना. ताईला समोरचा कागद दिसत नव्हता. तिने पदराने डोळे पुसले, चेलो जवळ ओढला आणि भाचीला खुणेने सांगितलं, कर सुरू.